बाराशेच्या आत

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वरच्या कुरणातला झरा आटला. एका दिवसात आटला असं नाही. पाइपातून मनगटाएवढी धार यायची, ती मे महिन्यात बोटाएवढी झाली, जूनमध्ये करंगळीएवढी, मग टपटप, आणि मग पाइपाच्या तोंडाशी नुसत्या गांधीलमाश्या. नोरीनने खाली बसून पाइपाला कान लावला. आत काही वाजत नव्हतं. पत्र्याच्या गोल हौदात तळाला चार बोटं हिरवं पाणी होतं. भोवती चाळीस गायी आणि त्यांची वासरं उभी होती, आणि सगळ्या तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू पाणी तिनेच कुठेतरी दडवून ठेवलंय.

घर खाली होतं, आठ मैलांवर, आणि घरच्या विहिरीला पाणी होतं. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात त्या साली एवढं म्हणू शकणारी घरं थोडीच होती. पण घर आणि कुरण यांच्या मध्ये बार्लोचा घाट होता. दीड मैलाचा कच्चा चढ, खडी सुटलेली, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

उन्हात एक गाय दिवसाला पंचवीस गॅलन पाणी पिते. चाळीस गायी म्हणजे हजार गॅलन. शेजारच्या वेंडलने आपला ट्रेलर आणि त्यावरची हजार गॅलनची टाकी आणून दिली, पण नोरीनच्या नवऱ्याची, एल्डनची, बावीस वर्षांची डिझेल पिकअप भरली टाकी घेऊन घाट चढेना. अर्धी टाकी घेऊन, पहिल्या गियरमध्ये, काळा धूर ओकत वर जायची. मग परत खाली, परत अर्धी टाकी, परत वर. दुसऱ्या खेपेला रेडिएटर हमखास उकळायचा. नोरीन घाटात थांबायची, चाकांना दगड लावायची आणि इंजिन निवेपर्यंत कडेला बसून राहायची. ती एकसष्ट वर्षांची होती. दगड उचलून उचलून तिचे गुडघे आणि कंबर एकमेकांशी भांडायला लागले होते. सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी तीनला संपायचं, आणि तोवर गायींनी हौदाचा पत्रा चाटून काढलेला असायचा.

"विकून टाक गं गायी," वेंडल म्हणाला. कुंपणाच्या खांबाला टेकून उभं राहणं ही त्याची बोलायची जागा. "सगळेच विकतायत. लाज कसली त्यात?"

"लाज नाही रे."

"मग?"

नोरीनने शेडकडे पाहिलं. शेडमध्ये एल्डन एक पाना हातात घेऊन उभा होता. तो बराच वेळ तसाच उभा होता.

"गायी गेल्या तर तो सकाळी उठून काय करेल?" ती म्हणाली.

वेंडलने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

मागच्या हिवाळ्यात कॅस्पर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एल्डनला समोर बसवून तीन शब्द सांगितले होते. सफरचंद, टेबल, नाणं. पाच मिनिटांनी विचारलं, कोणते शब्द होते? एल्डन शांतपणे म्हणाला, "एक, पाच, तीन, सहा, दोन, चार." डॉक्टरीणबाईंना कळेना. नोरीनला कळलं. त्याच्या इंजिनाचे सहा सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात, तो क्रम होता तो. तिला हसू आलं. डॉक्टरीणबाईंनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. विसरणं वाढत जाईल. गाडी चालवू द्यायची नाही. ओळखीची जागा आणि ओळखीचं काम जितकं टिकेल तितका तो टिकेल.

नोरीनने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पदरी बांधलं. गायी राहिल्या तर काम राहील, आणि काम राहिलं तर एल्डन राहील. तिचा हिशेब एवढा सरळ होता.

त्या संध्याकाळी जेवताना एल्डनने बीन्सच्या ताटलीतला चमचा बाजूला ठेवला.

"तू तिला पहिल्या गियरमध्ये रगडतेस," तो म्हणाला. "मला इथवर ऐकू येतं."

"मग काय करू? दुसऱ्यात बंद पडते."

"पडणारच. तिला श्वास घेता येत नाहीये." त्याचे डोळे कित्येक दिवसांनी नीट तिच्यावर टेकले होते. "मी करतो तिला. दुसऱ्या गियरमध्ये, भरली टाकी घेऊन चढेल. आणि पुढची वीस वर्षं चढेल."

नोरीनने त्याला आणखी एक पाव वाढला.

दुसऱ्या दिवशी पिकअप शेडमध्ये गेली. आठवडाभर वेंडलने आपल्या ट्रकने पाणी पोचवायचं कबूल केलं. त्याच्या स्वतःच्याही गायी होत्या, पण त्याने तो विषय काढला नाही.

डिझेलच्या इंजिनाची ताकद वाढवायची तर सोपी वाट आहे. पंपावरचा एक स्क्रू फिरवायचा, डिझेल जास्त सुटतं, गाडी उड्या मारते. वेंडलच्या भाच्याने असंच केलं होतं. पठ्ठ्याने तालुक्याच्या जत्रेत सगळ्यांना ओझं ओढून दाखवलं, टाळ्या घेतल्या, आणि पंधरा दिवसांनी हमरस्त्यावर पिस्टन वितळवून बसला. एल्डनला ही गोष्ट आठवत होती. काल काय जेवला ते आठवत नव्हतं, पण दहा वर्षांपूर्वीचा तो पिस्टन त्याला डाग न् डाग आठवत होता.

"ताकद सगळ्यांत शेवटी," तो नोरीनला म्हणाला. "आधी ब्रेक. वर न्यायची गाडी आधी थांबली पाहिजे. मग श्वास. मग गारवा. मग पकड. आणि सगळं झालं की मग डिझेल, तेही बेताने."

तिने ते एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीला ठोकलं. ब्रेक, श्वास, गारवा, पकड, डिझेल. एल्डनने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुठ्ठा कशासाठी आहे ते त्याला कळलं.

मग कामाला सुरुवात झाली. पत्र्याखाली ऊन तापायचं, बारा वाजता पाने हातात धरवत नसत. नोरीन हाताखाली होती. ट्रेलरच्या आणि गाडीच्या ब्रेकचे लायनर बदलले. धुराचा जुना अरुंद पाइप कापून जाड पाइप बसवला, तेव्हा तिने तो वर डोक्याने तोलून धरला आणि गंज तिच्या डोळ्यांत, केसांत, ब्लाउजात गेला. रेडिएटर काढून उन्हात ठेवला आणि त्याच्या जाळीत बावीस वर्षांची अडकलेली गवताची कुसळं आणि नाकतोडे बारीक तारेने एकेक करून काढले. त्यात दीड दिवस गेला. "याच्यानेच निम्मी उकळत होती बिचारी," एल्डन म्हणाला. जुना क्लच उतरवताना तो पाठीवर झोपला होता आणि एवढं धूड छातीवर घेऊन त्याने ते इंचाइंचाने खाली सोडलं. अडुसष्ट वर्षांच्या त्याच्या दंडांत अजून ती रग होती.

मधेच हात थांबायचे. पाना हातात, डोळे कुठेतरी. नोरीनने ओरडून चालायचं नाही, सुचवून चालायचं नाही. तिने एक युक्ती काढली होती. ती पुढचा नट उचलून त्याच्या तळव्यावर ठेवायची. तळव्याला वजन लागलं की हात आपोआप चालू व्हायचे.

एकदा त्याने इंजिनाच्या पुढचं झाकण खोललं आणि बोटाच्या पेराएवढ्या एका पोलादी खिळीवर बोट ठेवलं.

"ही बघ. सगळे पंप बघतात, टर्बो बघतात. हिच्याकडे कुणी बघत नाही. ही हादऱ्याने सुटते, आत दातऱ्यांत पडते, आणि सगळं खलास. एवढीशी असते." त्याने खिळीवर पत्र्याची एक पट्टी बसवली, आवळली, आणि पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली.

ती त्याची आयुष्यभराची रीत होती. बोल्ट ठरल्या जोराने आवळला की त्यावर पिवळी रेघ. रेघ आहे म्हणजे काम झालं, परत हात लावायचा नाही. लोक लांबून गाड्या आणायचे ते त्या पिवळ्या रेघेच्या भरवशावर.

पाचव्या दिवशी वेंडल आला. सिलिंडरांना वरून बंद करणारं इंजिनाचं हेड नुकतंच चढवलं होतं, अजून वरची झाकणं बसायची होती. सव्वीस नवे दणकट बोल्ट, सव्वीस पिवळ्या रेघा.

"काय मेकॅनिक, विमान करतोयस का काय?" वेंडल म्हणाला.

एल्डन हसला. "ये रे कर्टिस. बस."

कर्टिस हा वेंडलचा थोरला भाऊ. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती. वेंडलच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण तो उलट्या बादलीवर बसला आणि अर्धा तास कर्टिस होऊन बोलला. जाताना नोरीन त्याला दारापर्यंत सोडायला गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "नोरीन, गाडी तयार झाली की किल्ली काढून ठेव."

ती थबकली. त्या मुलुखात कुणी गाडीची किल्ली काढत नाही. किल्ली गाडीतच असते, दिवस असो वा रात्र, कारण कुणाला कधी गाडी लागेल सांगता येत नाही. वेंडलला हे शिकवायची गरज नव्हती. एका जानेवारीत, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशा थंडीत, त्याची स्वतःची गाडी सुरू होईना आणि आत बायको रक्तात पडलेली. तो दीड मैल पळत आला, एल्डनची पिकअप घेतली आणि कुणाला न उठवता गेला. बायको वाचली, आणखी अकरा वर्षं जगली. सकाळी अंगणात गाडी नाही हे बघून एल्डन फक्त एवढंच म्हणाला होता, "कुणाला तरी लागली असेल." आणि तो चहूकडे बर्फ असताना पायी गुरांकडे गेला होता.

"तू सांगतोस हे?" नोरीन म्हणाली.

"मीच सांगणार. दुसरा कोण सांगेल तुला?"

"किल्ली काढली की त्याला कळेल. बाकी काही कळो न कळो, ते कळेल. नाही व्हायचं माझ्याच्याने."

वेंडलने मान हलवली आणि गेला.

पण त्या कर्टिसने नोरीनच्या मनात भुंगा सोडला. जो माणूस मेलेल्याला बस म्हणतो, त्याने रेघ ओढली खरी, पण आधी बोल्ट आवळला होता का? नुसतीच रेघ ओढली असेल तर? भरली टाकी घेऊन घाटाच्या मध्यावर हेड उडालं तर मागे जायला रस्ता नाही, दरी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे एल्डन वासराला दूध पाजायला गेला तेव्हा तिने ठरलेल्या जोराला कट्ट वाजणारा तो लांब पाना घेतला आणि एकापासून सुरुवात केली. कट्ट. दोन, कट्ट. तीन. एकही तसूभर हलत नव्हता. ती मोजत मोजत अठरापर्यंत आली आणि कसलीशी चाहूल लागली म्हणून तिने मान वर केली.

दारात एल्डन उभा होता. दोन्ही हातांत कॉफीचे मग.

तिला पाना कुठे लपवावा ते कळेना. तो तसा लपणारा पानाही नव्हता.

"कितीपर्यंत आलीस?" त्याने विचारलं.

"अठरा."

"अजून आठ आहेत." त्याने तिचा मग पेटीवर ठेवला, नीट, कान तिच्याकडे करून. "तो डावीकडचा मागचा वाकून बघ. हात नीट पोचत नाही तिथे."

आणि तो बाहेर गेला. नोरीनने उरलेले आठही तपासले, कारण आता न तपासणं जास्त वाईट दिसलं असतं. आठही पक्के होते. मग ती चाकाला टेकून खाली बसली आणि रडली. त्याच्या एकाही बोल्टात चूक नव्हती. चोर ती ठरली होती.

शेवटी पंप. एल्डनने डिझेल वाढवलं, पण केवढं, तर नखाएवढं. समोरच्या काचेखाली त्याने एक नवा काटा बसवला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची आच तो अंशांत दाखवायचा. काट्याच्या काचेवर त्याने मेणाच्या पेन्सिलीने लिहिलं, बाराशे.

"बाराशेच्या आत ती तुझी," तो म्हणाला. "बाराशेच्या वर ती कुणाची नाही. काटा चढला की पाय उचलायचा. आणि वर पोचल्यावर लगेच बंद करायची नाही. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तेव्हा लालबुंद असतो. तीनशेपर्यंत उतरू द्यायचा, मगच किल्ली फिरवायची. घाई केलीस तर आतल्या आत जळेल, आणि तुला महिनाभर कळणारही नाही."

पहिल्या भरल्या टाकीला नोरीन स्टिअरिंगवर होती आणि एल्डन शेजारी. घाट सुरू झाला तशी तिने दुसरा गियर टाकला. गाडी नुसती पुढे वाकली आणि ओढायला लागली. काळा धूर नाही, हिसका नाही. मागे पाच टनांचं ओझं होतं आणि तरी खिडकीतून कातळ सरळ मागे चालला होता.

"आठशे," एल्डन म्हणाला. "नऊशे पन्नास. एक हजार. हजार ऐंशी. पाय तसाच ठेव. अकराशे. अकराशे वीस."

तिथे काटा टेकला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर नोरीन मोठ्याने हसली, कितीतरी दिवसांनी. एल्डनने डॅशबोर्डवर थोपटलं आणि लगेच दटावलं, "बंद करू नकोस. उतरू दे." ते दोघं इंजिन चालू ठेवून बसले, आणि तो आकडे उलटे मोजत राहिला, तीनशेपर्यंत.

तीन आठवडे हेच चाललं. सात वाजता टाकी भरायची, आठला घाट, नऊला गायी पाणी पीत असायच्या. सगळ्या मुलुखात गवत करपून करडं झालं होतं, लोक ट्रकच्या ट्रक भरून गुरं बाजारात पाठवत होते, आणि यांच्या गायींच्या बरगड्या अजून दिसत नव्हत्या. एल्डन सकाळी आपणहून बूट घालायचा. रात्री नीट झोपायचा. आकड्यांत त्याची कधी चूक झाली नाही. नोरीनच्या मनात आलं, डॉक्टरीणबाईंना काय कळतंय.

घाटमाथ्यावर रस्ता फुटायचा. डावीकडे दोन मैलांवर कुरण. उजवीकडे सहा मैलांवर एल्डनच्या बापाची जुनी जागा. ती विकून एकोणीस वर्षं झाली होती. घेणाऱ्या परगावच्या माणसाने घर पाडलं, हौद उपटून नेला. तिथे काही नव्हतं. तरी नोरीन रोज डावीकडे वळली की एल्डनची मान क्षणभर उजवीकडे वळायची. तिने ते पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं, आणि माणूस बघतो आपला, म्हणून सोडून दिलं होतं.

ऑगस्टच्या दहा तारखेला एका कालवडीचा खूर सडायला लागलेला तिला दिसला. तिने एल्डनला टाकी भरायला लावलं. "भरून ठेव, मी सुई टोचून आले. माझ्याशिवाय निघायचं नाही."

"नाही निघत," तो म्हणाला.

कालवड अवघड होती. दावं अडकवायला वेळ गेला, तिने नोरीनला एकदा फळीवर दाबलंही. दोन तासांनी ती खरचटलेला कोपर धरून अंगणात आली, तेव्हा अंगणात पाण्याचं थारोळं होतं, नळी व्यवस्थित गुंडाळून खुंटीला लावलेली होती, आणि पिकअप नव्हती.

तिने स्वतःला समजावलं, पाणी घेऊनच गेलाय, कुरणातच गेलाय, रस्ता एकच आहे. तिने घरची छोटी मोटार काढली. घाटात प्रत्येक वळणावर तिने आधी दरीत पाहिलं आणि मग रस्त्याकडे. दरीत काही नव्हतं. माथ्यावर ती डावीकडे वळली.

कुरणाच्या फाटकापाशी पोचायच्या आधीच तिला हंबरणं ऐकू आलं. गायी हौदाभोवती होत्या. हौद कोरडा होता. मोटार बघून सगळ्या फाटकाकडे धावत आल्या आणि तिच्यामागे टाकी नाही हे बघून तिथेच थांबल्या.

ती उलटी वळून फाट्यावर आली आणि उतरली. टाकीच्या तोटीचा वायसर खराब होता. महिनाभर ती बदलीन बदलीन म्हणत होती. इंजिनाचे सव्वीस बोल्ट तपासणाऱ्या बाईने तो पाच मिनिटांचा वायसर बदलला नव्हता. धुळीत हातहातभर अंतरावर काळे थेंब पडले होते. ते उजवीकडे गेले होते.

जुन्या जागेवर वाळलेल्या झाडांची एक रांग तेवढी उरली होती. पिकअप तिथे उभी होती, इंजिन चालू. जिथे पूर्वी हौद होता त्या सिमेंटच्या गोल ओट्याला ट्रेलर अगदी नेमका लावला होता. तोटी उघडी होती. हजार गॅलन पाणी ओट्यावरून वाहून, उतारावरून कोरड्या ओढ्यात गेलं होतं आणि जमिनीने ते पिऊन टाकलं होतं. चिखलावर पांढरी फुलपाखरं बसली होती. एल्डन झाडांच्या सावलीत, तोंडाशी दोन्ही हात धरून, लांब सुरात गायींना हाका मारत होता.

"या गं, या! या, या, या!"

नोरीन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रागवायचं ती वाटेत ठरवून आली होती. ते सगळं गळून गेलं.

"एवढ्यात येतील," तो म्हणाला. "बाबा हाकत आणतायत." मग त्याचा चेहरा खुलला. "अगं, भरली टाकी. एकट्याने. दुसऱ्या गियरमध्ये. अकराशे चाळीस. एकदासुद्धा वर गेला नाही."

"बाराशेच्या आत," ती म्हणाली.

"आत. पार आत." त्याने गाडीकडे बोट केलं. "बंद केली नाही बघ. उतरतोय अजून."

तिने खिडकीतून पाहिलं. काटा तीनशेवर होता. तासभर तरी तो तिथेच असणार. तो मधूनमधून येऊन बघत असेल, आणि बघितलं हे विसरून परत जात असेल. गाडीने आपलं काम चोख केलं होतं. रस्ता चार मैल अधिक होता, तिने तो हूं की चूं न करता ओढला होता. त्याने केलेल्या कामात कुठेही, एका आट्याचीही चूक नव्हती, आणि आता नोरीनला वाटलं, असायला हवी होती. पहिल्याच वळणावर कुठेतरी बंद पडायला हवी होती मेली.

तिने तोटी बंद केली, त्याला हाताला धरून आत बसवलं. मोटार तिथेच राहू दिली. ते घरी आले. तिने परत टाकी भरली, परत घाट चढली. तो शेजारी बसून आकडे म्हणत होता, आठशे, नऊशे, हजार चाळीस, आणि एकही आकडा चुकत नव्हता. गायी पाण्यावर तुटून पडल्या, एक वासरू खाली पडलं, उठलं. त्याने ते सगळं आनंदाने पाहिलं. सकाळचं त्याला काही आठवत नव्हतं.

घरी अंगणात गाडी लावली तेव्हा पाच वाजले होते. दोघं बसून राहिले. इंजिन धडधडत होतं.

"किती झाला?" त्याने विचारलं.

"तीनशे."

"मग कर बंद."

तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम सगळीकडे टोळांचा आवाज ऐकू यायला लागला. तिचा हात सवयीने किल्ली सोडून मांडीवर आला. मग तो परत गेला. तिने किल्ली ओढली. निघेना. बावीस वर्षांत ती कधी निघालीच नव्हती, धुळीने आणि गंजाने जाग्यावर बसली होती. नोरीनने हलवली, दाबली, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग जरा फिरवून धरलं आणि पुन्हा ओढली. अंगठ्याचं नख उलटलं. खसकन किल्ली बाहेर आली.

एल्डन तिच्या हाताकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत अगदी स्वच्छ, जागतं आश्चर्य होतं. गेल्या वर्षभरात तिने त्याला इतकं शुद्धीवर पाहिलं नव्हतं.

"किल्ली कशाला काढलीस?" तो म्हणाला. "कुणाला गाडी लागली तर?"

नोरीनने किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. बटण लागायला वेळ लागला.

"लागली तर येतील दार वाजवायला," ती म्हणाली.

त्याने हळूहळू मान डोलावली, शेडमध्ये परक्या माणसाने काही सांगितलं की डोलवायचा तशी, आणि आपल्या बाजूचं दार उघडून खाली उतरला. दार लावताना त्याने ते हळूच लावलं, दुसऱ्याच्या गाडीचं लावतात तसं.